जुना जालना ते पाणचक्की : भर पावसातली सहकुटुंब सहल

युरोपात काही जुनी शहरे कालव्यांवर वसलेली आहेत. इटलीतले व्हेनिस आणि हॉलंडमधले ॲमस्टरडॅम ही त्यांतली नावाजलेली. तिकडची कुटुंबे चाकांवरचे घर घेऊन सहलीला निघतात. मोटारीतच झोपायची सोय, मोटारीतच चूल. बाहेर पाऊस लागलेला असतो आणि हे लोक चहाचा कप हातात धरून जुने पूल, जुने घाट पाहत हिंडतात. वाचायला फार छान वाटते. पण वाचकहो, पाण्याचे जुने शहर पाहायला पासपोर्टच लागतो असे कोणी सांगितले? ज्या मराठवाड्याला सगळा महाराष्ट्र दुष्काळी म्हणून ओळखतो, त्याच मराठवाड्यात जमिनीखालून पाणी खेळवलेली दोन जुनी शहरे एकमेकांपासून अवघ्या साठ किलोमीटरवर उभी आहेत. एक आमचे जुना जालना आणि दुसरे छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद. आणि ही शहरे पाहावीत ती पावसातच. उन्हात फक्त भिंती दिसतात. पावसात पाणी कुठून येते, कुठे जाते आणि कोणाच्या दारात थांबते, हे सारे उघड्या डोळ्यांना दिसते.

आम्ही कारकून माणसे. आमची सहल कॅलेंडरातल्या लाल आकड्यांवर अवलंबून असते. आषाढ पौर्णिमा होऊन वर्षावास सुरू झाला होता. लागून दोन सुट्ट्या आल्या आणि आमच्या विहारातल्या चार कुटुंबांनी मिळून एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला. लहानमोठे सोळा जण. महिला मंडळाने भाकऱ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. छोटी गॅसची शेगडी, पातेले, दोन ताडपत्र्या, सतरंज्या आणि पाण्याचे कॅन गाडीत चढले. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले खरे, पण आपल्या समाजाचे चाकांवरचे घर त्याआधीपासून चालू आहे. नागपूरची दीक्षाभूमी असो की मुंबईची चैत्यभूमी, टेम्पोत संसार मांडून जाण्याची सवय आपल्याला काही नवी नाही!

घराजवळचे न पाहिलेले गाव

सहलीची सुरुवात आम्ही मुद्दाम घरापासूनच केली. ज्या गल्ल्यांतून रोज ऑफिसला जातो, त्या मुलांना परगावच्या पाहुण्यांसारख्या दाखवायच्या असे ठरले होते.

जालना शहर कुंडलिका नदीने दोन भागांत विभागले आहे. नदीच्या उजव्या काठावर जुना जालना, डाव्या काठावर नवा जालना, ज्याला कादिराबाद असेही म्हणतात. कुंडलिका पुढे दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. एरवी या नदीकडे पाहून नाकाला रुमाल लावावा लागतो. त्या दिवशी मात्र रात्रभर पाऊस झाल्याने तांबडे पाणी पुलाखालून धावत होते. आमच्यातल्या आत्याबाई म्हणाल्या, "आज कुठं ही नदी वाटायला लागली बघा."

जालना नावाची एक कथा सांगतात. गावाचे जुने नाव जनकपूर होते असे म्हणतात. पुढे एका श्रीमंत मुसलमान जुलाह्याने, म्हणजे विणकराने, गावावर मोठे उपकार केले आणि त्याच्या व्यवसायावरून गावाला जालना हे नाव पडले. कथा खरी की खोटी हा प्रश्न वेगळा. पण राजा-महाराजाला बाजूला सारून हातमागावर बसणाऱ्या माणसाच्या नावाने आपले गाव ओळखले जाते, असे लोकांना सांगावेसे वाटले, हे मला तरी मोलाचे वाटते. पुढे गाव व्यापाराने भरभराटीस आले आणि 'जालना, सोने का पालना' ही म्हण रूढ झाली. अकबराचा इतिहासकार अबुल फजल काही काळ येथे राहिल्याचेही नोंदलेले आहे.

आमचा खरा शोध पाण्याचा होता. जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जमशेद खान या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने जुन्या जालन्यात काळी मशीद, तिच्यासमोर सराई आणि हमाम बांधले. शहराच्या पश्चिमेला मोठा तलाव बांधला, तोच आपला मोती तलाव. तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावात आणून ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. त्यातला सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. वाटसरू यावा, घोड्याला पाणी पाजावे, स्वतः हातपाय धुवावेत आणि मग मुक्काम करावा, अशी ती रचना. भरभराटीच्या काळात गावाला पाच तलाव होते म्हणतात. ती नळयोजना केव्हाच बंद पडली. तलाव तेवढा राहिला.

मोती तलावाच्या काठी आम्ही छत्र्या धरून उभे राहिलो. पावसाच्या थेंबांनी सगळ्या पाण्यावर काटा आला होता. मुलांना मी विचारले, पंप नाही, वीज नाही, मग पाणी गावात कसे जात असेल? एकाने लगेच उत्तर दिले, "उतारानं!" शाळेत आठ धड्यांत जे डोक्यात शिरत नाही, ते एका पावसाच्या सरीत शिरते. रस्त्यावरून वाहणारे ओघळ गावाच्याच दिशेने चालले होते. जुन्या कारागिरांनी असेच एखाद्या पावसात उभे राहून उतार पाहिला असेल.

तिथून मस्तगडाकडे गेलो. निजाम-उल-मुल्क आसफजाह याच्या हुकमाने काबील खानाने 1725 मध्ये हा किल्ला बांधला. किल्ला म्हणून आता फारसे काही उरलेले नाही. पण गडीत एक मोठी विहीर असून तिच्या पोटात दालने व सज्जे काढलेले आहेत, असे गॅझेटियर सांगते. उन्हाळ्यात गारव्याला बसता यावे, अशी ती सोय. पुढे गावाच्या तटाचे दरवाजे, आनंदी स्वामींचे मंदिर, अरुंद बोळ, लाकडी खांबांची घरे असे पाहत पाहत गाडीपाशी आलो. पन्हाळीतून पडणाऱ्या पाण्याखाली बायकांनी बादल्या, पातेली मांडून ठेवलेली जागोजाग दिसत होती. जालन्याच्या माणसाला पाऊस वाया गेलेला सहन होत नाही! येथे वर्षाला सरासरी 650 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही मर्जीने. 2012 च्या दुष्काळात निजामकाळातला घाणेवाडीचा जलाशय, ज्याला संत गाडगेबाबांचे नाव दिले आहे, तो कोरडा पडला होता. गाव टँकरवर जगत होते. नंतर नागरिकांनीच पुढाकार घेऊन त्यातला गाळ काढला. 2023 मध्ये जालन्याला महानगरपालिका झाली, पण नळाला पाणी येण्याचा दिवस अजूनही बायका सणासारखा लक्षात ठेवतात.

काळ्या मशिदीजवळ हौदाची गोष्ट चालू असताना आठवीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीने विचारले, "काका, तेव्हा त्या हौदाचं पाणी आपल्या लोकांना भरू देत असतील का?"

या प्रश्नाचे उत्तर मी तिथे दिले नाही. म्हटले, उद्या दौलताबादला गेल्यावर सांगतो.

गुलामाने वसवलेले शहर

दुपारी बदनापूरमार्गे निघालो. पाऊस इतका की ड्रायव्हरमामांनी गाडी एका धाब्याच्या छपराला लावली. मागच्या आसनांमध्ये शेगडी ठेवणे धोक्याचे, म्हणून छपराखाली ताडपत्री बांधून चहा केला. भाकरी-ठेचा आणि त्यावर वाफाळता चहा. ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठी यापेक्षा वेगळे सुख काय असणार?

ॲमस्टरडॅमचे नाव घेतले ते उगाच नाही. तिथल्या प्रसिद्ध वर्तुळाकार कालव्यांचे खोदकाम 1613 मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास आपल्याकडे मलिक अंबर खडकी गावात जमिनीखालून कालवा आणत होता. तिकडे पाणी जास्त, जमीन सखल. म्हणून पाणी शहराबाहेर काढण्यासाठी कालवे. इकडे पाणी कमी, जमीन खडकाळ. म्हणून पाणी शहरात आणण्यासाठी कालवे. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांना युनेस्कोने 2010 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान दिला. मलिक अंबरच्या कालव्याची कथा आपल्या मुलांना अजून नीट ठाऊकही नाही.

मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतल्या इथिओपियाचा, म्हणजे हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे असा बाजारातून बाजारात फिरत तो अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला. स्वतःच्या बुद्धीवर आणि मनगटावर तो त्या राज्याचा सर्वेसर्वा झाला. मोगल बादशहा जहांगीर त्याच्या नावाने बोटे मोडीत असे. 1610 मध्ये त्याने खडकीला राजधानी वसवली. 1626 मध्ये तो वारला. त्यानंतर मुलाने शहराचे नाव फतेहनगर केले, 1653 मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद केले आणि 2023 मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलत गेली, पण शहराला पहिल्यांदा पाणी पाजले ते बाजारात विकल्या गेलेल्या एका माणसाने. जन्माने माणूस मोठा ठरतो असे मानणाऱ्यांनी या गावाचे पाणी पिताना एवढे तरी आठवावे.

त्याच्या कालव्याला नहर-ए-अंबरी म्हणतात. उत्तरेकडच्या हर्सूलच्या बाजूला डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी गोळा करून ते भुयारी कालव्याने शहरात आणले. पुढे इतरही नहरी झाल्या. वाटेत हवा खेळावी आणि माणसाला उतरून गाळ काढता यावा म्हणून झरोके ठेवले. ठिकठिकाणी उंच खांब बांधले. पाणी नळातून त्या खांबावर चढते, आतली अडकलेली हवा सुटते आणि पाणी दुसऱ्या बाजूने उतरून पुढच्या प्रवासाला लागते. पाणी आपली पातळी गाठतेच, या एका नियमावर सगळी योजना. वीजबिल शून्य. मी कॉमर्सचा पदवीधर. मला हा हिशेब फार आवडला.

छतावर पाणी, खाली सावली

पाणचक्कीला पोहोचलो तेव्हा खाम नदी दुथडी भरली होती. हे ठिकाण बाबा शाह मुसाफिर या सुफी संताच्या दर्ग्याच्या आवारात आहे. अठराव्या शतकात तुर्कताज खान या सरदाराने येथे पाण्यावर चालणारी पिठाची चक्की बसवली. कित्येक किलोमीटरवरून खापरी नळांनी आलेले पाणी उंच भिंतीवर चढते आणि तिथून पडद्यासारखे खालच्या हौदात कोसळते. पाण्याच्या जोराने खालचे चाक फिरते, चाकाबरोबर वरचे जाते फिरते. दर्ग्यात येणारे वाटसरू, फकीर आणि विद्यार्थी यांच्यासाठी येथे पीठ दळले जाई. हॉलंडवाल्यांनी पवनचक्कीवर पाणी उपसले, आपल्या माणसांनी पाण्यावर पीठ दळले.

आमच्या आत्याबाई जात्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या. त्यांचे लहानपण पहाटे तीनला उठून दळण्यात गेलेले. त्या म्हणाल्या, "अशी चक्की गावोगाव असती तर आमच्या आयांचे हात तरी वाचले असते." इमारतीचे कौतुक करणारी पुस्तके पुष्कळ आहेत. पण त्या चक्कीने किती बायकांची पहाट वाचली असती, हे कुठे लिहिलेले नाही.

येथील मोठ्या हौदाची एक गंमत मुलांना फार आवडली. हौदाखाली एक प्रशस्त दालन आहे. म्हणजे दालनाचे छत हाच हौदाचा तळ! वर पाणी साठलेले आणि खाली माणसे कोरडी. बाहेर धो धो पाऊस असताना आत गार, शांत वाटत होते. आवारातल्या जुन्या वडाची पाने पाण्याने निथळत होती. पण हेही सांगायला हवे की नहरींचे दिवस चांगले नाहीत. वाटेत वस्त्या झाल्या, इमारतींचे पाये खोदले गेले, झरोके बुजले, खापरी नळ फुटले. उन्हाळ्यात धार बारीक होते. चारशे वर्षे टिकलेली वस्तू दुर्लक्षाने एका पिढीत जाऊ शकते.

रात्री बायका-मुले नागसेनवनाजवळ एका नातलगाकडे आणि आम्ही पुरुष मंडळी गाडीत, असा मुक्काम झाला. टपावर रात्रभर पाऊस वाजत होता. नागसेनवन म्हणजे बाबासाहेबांनी 1950 मध्ये सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाचा परिसर. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली आपली पहिली शिकलेली पिढी येथेच घडली. सकाळी मुलांना तो परिसर दाखवून आम्ही बुद्ध लेण्यांवर गेलो.

पावसात लेणी पाहिली की वर्षावासाचा अर्थ कळतो. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी फिरती थांबवून एके ठिकाणी राहावे, हा तथागतांचा नियम. त्यासाठी डोंगरात ही विहारे कोरली. सर्वांत जुने क्रमांक 4 चे चैत्यगृह आहे. बाहेर धबधबे चालू आणि आत पाण्याचा थेंब नाही. आपल्याकडच्या बौद्ध लेण्यांत कातळात पाण्याची टाकी कोरलेली असतात. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. कातळावरून येणारे पाणी पन्हाळीने टाक्यात घ्यायचे आणि वर्षभर पुरवायचे. मलिक अंबरच्या कित्येक शतके आधी या डोंगरांतल्या माणसांनी पाणी साठवण्याची विद्या हस्तगत केली होती. पोढी खोदून देणे हे दानाचे काम मानले जाई, आणि दान देणाऱ्यांत साधे कारागीर, व्यापारी, स्त्रियाही असत.

दौलताबादचा हौद

दुपारी दौलताबाद. किल्ला ढगांत बुडालेला. आत हत्ती हौद आहे, एवढा प्रचंड की त्यात आमची अख्खी गल्ली मावेल. किल्ल्यालाही डोंगरातले पाणी खापरी नळांनी आणलेले होते. पण पुतणीला दिलेला शब्द पाळायचा होता, म्हणून सगळ्यांना वेशीपाशी एका बाजूला उभे केले आणि गोष्ट सांगितली.

1934 साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. नाशिकहून मोटारींतून प्रवास होता. दौलताबादला आपली माणसे चहा घेऊन वाट पाहत उभी होती. पण अंधार पडण्याआधी किल्ला पाहून व्हावा म्हणून चहा परतताना घेऊ असे ठरले आणि मोटारी किल्ल्याकडे गेल्या. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. रमजानचा महिना होता. दाराबाहेर काठोकाठ भरलेला लहानसा तलाव होता, भोवती फरसबंदी होती. काही जणांनी तिथे हातपाय आणि तोंड धुतले. इतक्यात मागून एक म्हातारा मुसलमान गृहस्थ, अस्पृश्यांनी तलाव बाटवला असा ओरडा करीत धावत आला. पाहता पाहता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी त्यांना सरळ विचारले की, हेच तुमचा धर्म शिकवतो काय? अखेर किल्ल्यात जाण्याची परवानगी मिळाली, पण आतल्या पाण्याला कुठेही हात लावायचा नाही, या अटीवर. त्यावर लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. परदेशात शिकून डॉक्टरेट मिळवलेला, गोलमेज परिषद गाजवलेला माणूस, आणि त्याच्या तहानेवर पहारा! अस्पृश्यता हिंदूंपुरती उरलेली नाही, ती शेजारधर्मांतही शिरली आहे, हे दाखवण्यासाठी बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेवला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते 1990 मध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापले.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला 20 मार्च 1927 रोजी. दौलताबादचा प्रसंग त्यानंतर सात वर्षांनी घडला. तेव्हा चवदार तळ्याची लढाई एका दिवसात, एका तळ्यावर संपली नव्हती, हे मुलांना पक्के समजावे असे मला वाटत होते.

पुतणी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे पाणी होतं, पण वाट नव्हती." मला वेगळे भाष्य करण्याची गरज उरली नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून पावसाच्या पाण्यात हात धुतले आणि बरोबरच्या कॅनमधले पाणी प्यालो. आता त्या जागी आपल्याला अडवायला कोणी नाही. तिकीट काढा आणि आत जा. हा हक्क घटनेच्या 15 व्या कलमात लिहिलेला आहे. त्यात सार्वजनिक विहिरी, तलाव आणि घाटांचा स्पष्ट उल्लेख आहे. लिहिणारा हात कोणाचा होता, हे वाचकांना सांगायला नको.

आता आपण काय करायचे?

या सहलीतून माझ्या मनात एकच विचार पक्का झाला. जमशेद खानाने, मलिक अंबरने पाण्याला उतार दिला. पाणी उताराप्रमाणे चालते, जात पाहून चालत नाही. अडवणूक केली ती माणसांनी, वाटेवर दार लावून. आजही नळाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीत पाणी करंगळीएवढ्या धारेने येते आणि वरच्या अंगाला मोटारी लावून ते ओढले जाते. हे दार वेगळ्या प्रकारचे आहे, पण दारच आहे. म्हणून जुने हौद, नहरी, बारव, पोढी पाहताना नुसती कारागिरी पाहू नये. पाणी कोणापर्यंत पोहोचत होते आणि आज कोणापर्यंत पोहोचते, हेही पाहावे.

आपल्या तरुण मंडळांनी आणि महिला मंडळांनी अशा सहली जरूर काढाव्यात. पावसाळ्यात घाट आणि निसरड्या पायऱ्या सांभाळाव्यात, लेण्यांवर मुलांचा हात सोडू नये. ताडपत्री आणि जास्तीचे कोरडे कपडे घ्यावेत. खर्च कुटुंबांत वाटून घेतला तर कोणावर भार पडत नाही. आमचा हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे, मागेल त्याला दाखवतो. दर्गा असो, मंदिर असो की विहार, तिथली शिस्त पाळावी. प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणाव्यात.

आणि मुख्य म्हणजे सुरुवात आपल्या गावापासून करावी. आमच्या चार कुटुंबांनी ठरवले आहे की, वर्षावास संपायच्या आत जुन्या जालन्यातल्या पाण्याच्या जुन्या जागांची यादी करायची. म्हाताऱ्या माणसांना विचारायचे की, हौद कुठे होता, आड कुठे बुजवला, आणि त्या पाण्यावर कोणाला जाऊ देत नव्हते. हे तिसरे उत्तर कोणत्याही गॅझेटियरात सापडणार नाही. ते आपल्या आजीच्या तोंडूनच ऐकावे लागेल, आणि आजी आहेत तोवरच.